पासपोर्ट परत आला, व्हिसा नाही

मागच्या अंकात परदेशी व्हिसाबद्दल पत्रं पाठवा म्हटलं आणि सोलापूर-पंढरपूर-बार्शीकडून एवढी पत्रं आली की निम्मी पुढच्या अंकात ढकलावी लागतायत. राहायला जायचे व्हिसे, म्हणजे शिक्षण, मुलांकडं मुक्काम असले, हेच जास्त. एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांत सारखी दिसली, नकाराचं पत्र कुणी नीट वाचलेलंच नाहीये, एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत जे सांगितलं तेच मला कळवलंय. म्हणून काही जणांकडून मूळ पत्र आणि फाइल मागवून घेतली आणि मग उत्तरं लिहिली. रकमा आणि नियम सारखे बदलतात, अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाचा जर्मनीचा स्टुडंट व्हिसा रिजेक्ट झाला. बीई मेकॅनिकल आहे, नंतर चार वर्षं आपल्याच टॉवेलच्या कारखान्यात होता, आता तिकडं सप्लाय चेनच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे तिकडच्या राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवायच्या खात्यात, पैसे भरून झालेत. एजंट म्हणतो रिमॉन्स्ट्रेशन टाकू, पंचवीस हजार लागतील, दोन-तीन महिन्यात निकाल फिरतो. टाकावं का? पैशाचं एवढं काय नाही, पण फसायचं नाहीये.
– एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : काका, टाकू नका, कारण टाकायला ती सोयच राहिलेली नाही. रिमॉन्स्ट्रेशन म्हणजे ज्या वकिलातीनं व्हिसा नाकारला तिलाच पत्र लिहून पुन्हा एकदा फाइल बघा म्हणायचं, आणि जर्मन सरकारनं हा प्रकार १ जुलै २०२५ पासून जगभरातल्या सगळ्या वकिलातींत बंद केलाय. गंमत म्हणजे चालू होता तेव्हाही त्याला फी नव्हती, साधं पत्र लिहायचं. त्यामुळं तुमच्या एजंटला एकतर हे माहीत नाही किंवा माहीत असून तो पंचवीस हजार मागतोय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुढची फाइल त्याच्याकडं देऊ नका.

आता दोनच रस्ते उरलेत. एक, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, त्याला पत्र हातात पडल्यापासून एक महिन्याची मुदत असते आणि सगळं काम जर्मन भाषेत चालतं. दुसरा, नवीन अर्ज. विद्यार्थ्याच्या बाबतीत कोर्टात जाणं मला तरी पटत नाही, वकिलाची फी जाते ती जाते आणि निकाल लागेपर्यंत सेमिस्टर निघून जातं. अधिकाऱ्यानं कायद्याचीच चूक केली असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्या फाइलमध्ये तसं काही मला दिसलं नाही.

तुम्ही पाठवलेल्या पत्रात कारण स्पष्ट लिहिलंय, की मुक्काम खरंच शिक्षणासाठी आहे याबद्दल शंका वाटते. पैशाबद्दल एक शब्द नाही. आता त्याचं मोटिव्हेशन लेटर बघा, मी दोनदा वाचलं. पहिला परिच्छेद जर्मनीची अर्थव्यवस्था किती मोठी, दुसरा जर्मन शिक्षण जगात कसं नावाजलेलं, तिसरा विद्यापीठाच्या साइटवरून उचललेला, आणि शेवटी मी मेहनती आहे. हे पत्र त्या एजंटच्या ऑफिसातून निघालेल्या कुठल्याही पोराच्या नावावर खपलं असतं! चार वर्षं तो कारखान्यात होता ही गोष्ट पत्रात एका ओळीत, "वर्क्ड इन फॅमिली बिझनेस" एवढीच. मेकॅनिकलचा मुलगा, चार वर्षं काय करत होता माहीत नाही, आता एकदम दुसऱ्याच विषयाला चाललाय, अधिकाऱ्यानं काय समजायचं?

आणि खरी गोष्ट तर चांगली आहे हो. तुम्हीच फोनवर सांगितलं की जुने माग काढून तुम्ही रॅपियर लूम बसवले ते सगळं मुलानं बघितलं, सूत वेळेवर येत नाही म्हणून एक्सपोर्टची ऑर्डर दोनदा लटकली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा सप्लाय चेनचा विषय आहे. हे लिहायला पाहिजे होतं, त्याच्या स्वतःच्या शब्दात, कोर्समधले कुठले विषय त्या अडचणीवर कामाला येतील त्यांची नावं घेऊन. घरच्या कारखान्यात पगाराची स्लिप कुणी काढत नाही हे मला माहिती आहे, पण मग त्याचे इन्कम टॅक्स रिटर्न, खात्यात जमा झालेले पैसे, मशीन घेतानाच्या पत्रव्यवहारात त्याचं नाव असेल तर ते, असं काहीतरी चार वर्षांचा पुरावा म्हणून लावा. काउंटरवर किंवा नंतर विचारलं तर त्याला हे स्वतः बोलता आलं पाहिजे, पाठ केलेलं लगेच कळतं.

पैसे बुडाले असं समजू नका. ब्लॉक अकाउंटमधले ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणं वर्षाचे, ते तुमचेच आहेत, नकाराचं पत्र दाखवून परत मिळतात, पण पुन्हा अर्ज करणार असाल तर तिथंच राहू द्या. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्र, तेच चालतं. गेले ते व्हिसा फीचे ७५ युरो आणि सर्व्हिस चार्ज. विद्यापीठाला मात्र आजच ईमेल करा, जागा पुढच्या सेमिस्टरला ढकलता येते का विचारा, काही विद्यापीठं हो म्हणतात, काही नव्यानं अर्ज करायला लावतात, आणि व्हिसाचा नवा अर्ज त्या उत्तरानंतरच.

प्रश्न : ताई, यूकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला. पत्रात लिहिलंय पैसे २८ दिवस खात्यात नव्हते. पण होते! आमच्या स्टेटमेंटवर महिनाभर पैसे दिसतायत. शिवाय मामांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि बाबांची पतसंस्थेतली ठेव पण जोडली होती. अधिकाऱ्याची चूक आहे तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू करू ना? २८ दिवसांची मुदत आहे म्हणतात.
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मुदतीचं बरोबर आहे, यूकेच्या बाहेरून अर्ज केला असेल तर २८ दिवस आणि फी ८० पौंड. पण थांब जरा. तू पाठवलेलं बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट मी शेवटच्या तारखेपासून मागं मागं एकेक दिवस बघत गेले. पाच तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता कापला गेलाय आणि त्या दिवशी शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या खाली गेलीय, थोडीशीच. बाबांनी दुसऱ्या दिवशी लगेच पैसे भरले, म्हणून तुम्हाला वाटलं महिनाभर होतेच. त्यांचा नियम सरासरीचा नाहीये, सलग २८ दिवस एकाही दिवशी शिल्लक रकमेच्या खाली जाता कामा नये, आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत हवी. एक दिवस खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

राहिली कुठली रक्कम लागते ती. कोर्सची जी फी भरायची बाकी आहे ती अधिक राहण्याचा खर्च, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, लंडनच्या बाहेर तो नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. रुपयाचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा ओआंडा साइटवरचा दर घेतात, आपल्या बँकेचा नाही. रुपया त्या आठवड्यात घसरला की काठावर ठेवलेली रक्कम कमी पडते, तेव्हा वर चांगली लाखभराची गादी ठेवायची.

मामांचं स्टेटमेंट अधिकाऱ्यानं बघितलंच नसणार. मामा कितीही सख्खे असले, कन्यादान तेच करणार असले तरी यूकेच्या नियमात पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, नाहीतर आईबाबांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या खात्यातच लागतात. मामांना मदत करायचीय तर त्यांनी पैसे बाबांच्या खात्यात टाकायचे आणि मग २८ दिवस हात लावायचा नाही, मामांच्या स्टेटमेंटची प्रत आणि एक साधं देणगीपत्र जपून ठेवायचं, एवढी रक्कम एकदम कुठून आली असं विचारलं तर सांगता आलं पाहिजे. पतसंस्थेचं दुखणं तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. ठेव पक्की असेल, व्याजही जास्त मिळत असेल, पण पतसंस्था सहकार खात्याकडं नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. यूकेला देशाच्या बँक-नियामकाच्या हाताखालची आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ठेवणारी संस्था लागते, त्यांना तिथून पडताळणी करता आली पाहिजे. ती ठेव मोडून बँकेत आणा. बँकेतली एफडी हवी तेव्हा मोडता येत असेल तर चालते. शेअर, म्युच्युअल फंड, पीपीएफ चालत नाही. एज्युकेशन लोनचं मंजुरीपत्र चालतं आणि माझ्या मते मध्यमवर्गीय घराला तोच सगळ्यात सुटसुटीत मार्ग, पण आपल्याकडं कर्ज म्हटलं की आजी-आजोबांपासून सगळे नाही म्हणतात.

आईबाबांच्या खात्यात पैसे असतील तर नातं सिद्ध करायला जन्माचा दाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. तुझा दाखला बघितला, त्यावर तुझं नावच नाही! नुसतं "स्त्री" आणि आईबाबांची नावं. दाखला जन्मल्याबरोबर काढला की असं होतं, बारशाच्या आधीचा कागद तो. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन आधी नाव नोंदवून नवीन दाखला घे, बाबांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे ना तेही तिथंच बघ.

तर रिव्ह्यू करू नको. रिव्ह्यूत फक्त अधिकाऱ्याचं चुकलं का एवढंच बघतात, नवीन कागद साधारणपणे घेतच नाहीत, आणि इथं त्याचं चुकलेलं नाही. रिव्ह्यू चालू असताना नवीन अर्ज केला तर रिव्ह्यू मागं घेतला असं धरतात, म्हणजे ८० पौंड पाण्यात. नवीन अर्जाला विद्यापीठाकडून नवीन सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याची त्यांची नोंद, घ्यावं लागेल, जुनं एकदा वापरलं की संपलं. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरलेले पैसे, परत मिळतो, व्हिसा फी मिळत नाही. टीबीचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं, तारीख बघून ठेव.

प्रश्न : आम्ही दोघं, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, सौ. घरीच असते. मोहोळ तालुक्यात थोडी बागायत आहे. मुलगी-जावई कॅनडात, तिला दुसरं बाळ झालंय म्हणून सुपर व्हिसाचा अर्ज केला, तर तुम्ही मुक्काम संपल्यावर परत जाल असा विश्वास वाटत नाही म्हणून नाकारला. आम्हाला तिकडं राहून काय करायचंय? बर्फात? संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला एक वर्ष चुकलो नाही अजून. मनाला फार लागलं.
– एक गुरुजी, विजापूर रोड

उत्तर : गुरुजी, लागणारच, पण हे वाक्य तुम्हाला बघून लिहिलेलं नाही, तो छापील मजकूर असतो आणि हजारो लोकांना तसाच जातो. त्यांच्या कायद्यात अर्जदार मुदत संपल्यावर परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे असं आहे, आणि खात्री पटवायचं काम अर्जदाराचं. जत्रेचं तुम्ही मला लिहिलं, अर्जात काय लिहिलं? तुमची फाइल लेकीनं तिकडून भरली, त्यात तिचा पगार, तिचं घर, तिची बाळं, सगळं तिचंच. सोलापुरात तुमचं काय आहे याचा एकही कागद नाही.

सुपर व्हिसा म्हणजे एका वेळेला पाच वर्षांपर्यंत राहता येणारा व्हिसा, साध्या व्हिजिटर व्हिसावर बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. मुक्काम जेवढा मोठा मागणार तेवढं अधिकारी जास्त बारीक बघणार हे उघड आहे. तुम्हाला खरंच किती दिवस राहायचंय ते आधी घरात ठरवा आणि पत्रात तेच लिहा. बाळ वर्षाचं होईपर्यंत, म्हणजे अमुक महिन्यात जाणार आणि अमुक महिन्यात ऊस तोडणीच्या आधी येणार, असं सरळ.

लावायचे कागद सांगते. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचं वर्षभराचं स्टेटमेंट, कारण दर महिन्याला सोलापुरात पैसे येणारा माणूस परत येतो हे कुणालाही कळतं. घराची मालमत्ता पत्रिका. सातबारा, पण तो तसाच मराठीत लावू नका, मागच्या वेळेला तसाच लावलाय. ओंटारियोत किंवा दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला गट नंबर, पोटखराबा, इतर हक्क यातलं काय कळणार? इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या आणि वर चार ओळींची चिठ्ठी जोडा की ही शेतजमिनीची सरकारी नोंद आहे, एवढं क्षेत्र आमच्या नावावर आहे, ऊस कारखान्याला जातो त्याची बिलं सोबत आहेत. तुमचा धाकटा मुलगा, सून आणि नातू इथं तुमच्यासोबत राहतात ते तर फॉर्मच्या बाहेर कुठंच आलेलं नाही. सौ.ंच्या नावावर काही असेल तर तेही लावा, त्या स्वतंत्र अर्जदार आहेत.

लेकीकडची बाजूही तपासा. तिचं उत्पन्न एलआयसीओ नावाच्या किमान उत्पन्नाच्या तक्त्याच्या वर लागतं, आणि त्यात माणसं मोजताना ती, नवरा, दोन मुलं आणि तुम्ही दोघं असे सहा धरायचे. तिनं चारच धरलेत, हे मला तिच्या पत्रात दिसलं. दुसऱ्या बाळामुळं माणूस वाढला आणि ती सुट्टीवर असल्यानं पगार कमी झाला, तेव्हा जावयांचं उत्पन्न मिळवून हिशोब बसतो का बघा. विमा किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आणि वर्षभराचा लागतो. व्हिसा नाकारल्याचं पत्र दिलं की बहुतेक कंपन्या प्रीमियम परत करतात, विचारून घ्या. बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, ते पुन्हा द्यायचे नाहीत.

कॅनडाच्या फेडरल कोर्टात जाता येतं, बाहेरच्या अर्जाला ६० दिवसांची मुदत, पण आधी कोर्टाची परवानगी लागते आणि जिंकलात तरी व्हिसा मिळत नाही, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडं जाते. तुम्हाला त्याची गरज नाही. २०२५ पासून नकाराच्या पत्राबरोबर अधिकाऱ्याच्या टिपणी पण देऊ लागलेत, लेकीला तिच्या ऑनलाइन खात्यात बघायला सांगा, आली असेल तर ती टिपणी समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला कागद शोधायचा.

प्रश्न : अमेरिकेचा एफ-१ स्टुडंट व्हिसा मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत रिजेक्ट, २१४(बी). दोन मिनिटं पण बोलले नाहीत. अपील कुठं करायचं? मित्र म्हणतो दुबईत इंटरव्ह्यू दे, तिकडं सोपं असतं.
– एक विद्यार्थी, शेळगी

उत्तर : अपील कुठंच नाही. २१४(बी) म्हणजे तू परत येशील अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, त्याला वरचं ऑफिस नाही, पुन्हा १८५ डॉलर भरून पुन्हा इंटरव्ह्यू, एवढंच. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी मात्र बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसाला पुन्हा भरावी लागत नाही. दुबईचं विसर, सप्टेंबर २०२५ पासून आपण जिथं राहतो किंवा ज्या देशाचे नागरिक आहोत तिथंच अर्ज करा असं त्यांनी सांगितलंय.

पुन्हा जायचं कधी? काहीतरी बदललं असेल तेव्हा. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली म्हणून तेच कागद आणि तीच उत्तरं घेऊन मुंबईची गाडी पकडण्यात अर्थ नाही. तू लिहिलंयस की हे कॉलेज का, असं विचारल्यावर तू "गुड रँकिंग" म्हणालास. रँकिंग शेकडो कॉलेजांना असतं रे. आणि तुझ्यासारख्याच एका मुलीचं पत्र आलंय, तिला हातात चिठ्ठी मिळाली २२१(जी) ची आणि साइटवर "रिफ्यूज्ड" बघून घरात रडारड झाली. २२१(जी) मध्ये कागद किंवा तपासणी बाकी असते, साइटवर तरीही रिफ्यूज्डच दिसतं, मागितलेले कागद दिले की फाइल पुढं सरकते. चिठ्ठीवरचा आकडा आधी वाचायचा.

प्रश्न : फ्रान्सचा लॉन्ग स्टे नाकारला, पुढं?
– होटगी रोड

उत्तर : तिथं खरंच दाद मागता येते. नांत शहरात व्हिसा नकारांसाठी आयोग आहे, ३० दिवसांत त्यांच्याकडं लेखी जायचं, त्याशिवाय कोर्टात जाताच येत नाही. दोन महिने काही उत्तर आलं नाही तर नाही म्हणाले असं समजायचं. तुम्ही पत्र पाठवलंच नाही, म्हणून एवढंच सांगू शकते.

प्रश्न : कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारल्यावर आता यूकेला करतोय. नवीन कन्सल्टंट म्हणतो "पूर्वी व्हिसा नाकारला आहे का" या प्रश्नाला नाही लिहायचं, दुसऱ्या देशाचं ह्यांना कळत नाही, नवीन पासपोर्ट काढू म्हणजे काहीच दिसणार नाही. पैसे पण तोच महिनाभर खात्यात ठेवायला देतो, दोन टक्क्यानं. सगळेच करतात म्हणे.
– नाव देऊ नये, भवानी पेठ

उत्तर : करू नका. नकार झाल्यानं कुणाचं आयुष्य अडत नाही, खोटं सापडल्यानं अडतं. यूकेच्या फॉर्मात कुठल्याही देशानं व्हिसा नाकारलाय का असं स्पष्ट विचारलेलं असतं, लपवलेलं सापडलं तर फसवणूक म्हणून दहा वर्षांची बंदी लागू शकते. कॅनडात खोट्या माहितीला पाच वर्षं. अमेरिकेत तर जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा ठपका जन्मभर राहतो. आणि कळत नाही हे साफ चूक, अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश एकमेकांशी व्हिसाची माहिती आणि बोटांचे ठसे पडताळून घेतात. पासपोर्ट नवीन काढला तरी बोटं तीच आहेत ना!

भाड्याच्या पैशाचं तर सांगायलाच नको. महिन्यापूर्वी शून्यावर असलेल्या खात्यात एकदम वीस लाख, हे कुठल्याही बँकवाल्याला दिसतं तसं त्यांनाही दिसतं. शिवाय तिकडं गेल्यावर ते पैसे तुमच्याकडं नसणार, मग पहिल्या महिन्याचं भाडं कशानं भरणार? या धंद्यात पोरं तिकडं उपाशी राहतात आणि घरचे इकडं व्याज भरतात, हे मी लिहून लिहून थकले.

फॉर्मात "होय" लिहा, दोन्ही तारखा लिहा, कारण लिहा आणि तेव्हापासून काय बदललं ते लिहा. दोन नकार दाखवूनही व्हिसा मिळालेली माणसं आपल्या शहरात आहेत. आणि अर्ज एजंटनं भरला असला तरी सही तुमची असते, तेव्हा भरलेला फॉर्म पाठवायच्या आधी स्वतः शेवटपर्यंत वाचायचा, एजंट नाही दाखवत म्हणाला तर तिथून उठायचं.

प्रश्न : एजंटनं "व्हिसा गॅरंटी" म्हणून सव्वा लाख घेतले. पावती फक्त पन्नास हजारांची, बाकी फोनवरून पाठवले. व्हिसा नाकारला, आता फोन उचलत नाही, मुलाचा पासपोर्ट पण त्याच्याचकडं. पोलिसात जाऊ की वकील करू? ऑफिस पुण्याला आहे म्हणून सगळे म्हणतात पुण्याला खेपा घालाव्या लागतील.
– एक आई, बाळे

उत्तर : ताई, खेपा घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार जिथं ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडं करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून भरता येते. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावरच पैसे निघतात.

व्हिसा मिळाला नाही एवढ्यावर आयोग पैसे परत देईल असं नाही हां, व्हिसा देणं न देणं त्या देशाच्या हातात. तुमची बाजू भक्कम होते ती त्या "गॅरंटी" शब्दामुळं. तो कुठं लिहिलाय ते शोधा, जाहिरातीचं पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, त्याच्या पेजवरची पोस्ट, सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, नंतर पोस्ट गायब होतात. पंचाहत्तर हजार फोनवरून पाठवलेत ना, मग पावती नसली तरी बँकेच्या स्टेटमेंटवर नाव आणि व्यवहार क्रमांक आहेच, ते प्रिंट काढून बँकेचा शिक्का घ्या. मग स्पीड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, साध्या मराठीत लिहिली तरी चालते.

फाइलमधला एखादा कागद त्यानं खोटा बनवून लावला असेल, तुम्ही न दिलेलं स्टेटमेंट वगैरे, तर मात्र आधी पोलिसात जा, कारण उद्या त्याचा त्रास मुलालाच होणार. अर्जाची पूर्ण प्रत मागून घ्या म्हणजे कळेल.

आणि पासपोर्ट सगळ्यात आधी. नोटिशीत पहिली ओळ तीच लिहा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, उरलेली फी द्या मग देतो असं म्हणून कुठल्याही एजंटला तो अडवून ठेवता येत नाही. नोटिशीनंतरही दिला नाही तर त्या नोटिशीची प्रत घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. तोपर्यंत हरवला म्हणून नवीन पासपोर्टचा अर्ज करू नका, हरवलेला नाहीये, आणि तसं लिहिलं की खोटं तुमच्या नावावर लागतं.